आतल्या कडेची झीज

माझी बायको डावीकडून झिजते आहे, हे मला पहिल्यांदा टायरवरून कळलं.

कराडच्या अलीकडे महामार्गाला लागून माझं अलाइनमेंटचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो. अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांचे टायर बघतो आहे. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी, मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त, आणि एकच कड गेली असेल तर कुठलं तरी चाक वाकडं. यात माझी चूक होत नाही. भानुदास मिस्त्रीनं हात लावला की गाडी बोटभरही इकडेतिकडे ओढत नाही, असं ट्रकवाले सांगतात आणि मी ते ऐकून घेतो.

त्या गुरुवारी बाजाराला जायच्या आधी मी आमच्या व्हॅनच्या पुढच्या डाव्या चाकाला हात लावला. वैजयंता त्याच बाजूला बसते. टायरची आतली कड दोन सूत गेली होती, म्हणजे पाव इंच. मी रबरावरून तळवा फिरवला. बाहेरून आत जाताना हात गुळगुळीत गेला, परत येताना धार लागली. गाडी मशीनवर घेतली. चारही आकडे हिरवे आले, म्हणजे चाकं सरळ होती.

मी मागे घरात गेलो. वैजयंता भाकरी थापत होती. तिच्या पोलक्याची डावी बाही रिकामी असल्यासारखी लोंबत होती. मी तिच्या पाठीवरून उजवीकडून डावीकडे तळवा फिरवला. गुळगुळीत गेला. परत आणला तर धार लागली आणि माझ्या तळव्यावर रक्ताचा थेंब आला.

"कवापास्नं झिजाय लागलीस?" मी विचारलं.

"तुमास्नी आज दिसलं व्हय?" ती म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

मी बाजाराला गेलो नाही. व्हॅन जॅकवर उचलली आणि चाकं अधांतरी ठेवून सांगाड्याखाली ठोकळे लावले. चाक जमिनीला लागतच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर आणखी एक सूत गेलं होतं. वैजयंताच्या डाव्या हातातल्या बांगड्या राहीनात, म्हणून तिनं त्या दोऱ्यानं मनगटाला बांधल्या होत्या. ती आता दार पुरतं न उघडता आत येत होती.

खरं तर ती पहिल्यापासून सगळं लवकर झिजवते. तिच्या चपला तीन महिने टिकत नाहीत. मी तिला त्यावरून नेहमी बोलतो. माझ्या पायात आमच्या लग्नातल्या कोल्हापुरी आहेत. बावीस वर्षं झाली, तळावर चांभारानं मारलेला शिक्का अजून वाचता येतो. आलेल्या गिऱ्हाइकाला मी त्या काढून दाखवतो.

मग मी एक चूक केली. ही चूक ट्रकवाले करतात आणि त्यासाठी मी त्यांची बिनपाण्यानं करतो. एका बाजूनं टायर खाल्ला की हे लोक दुखणं न शोधता टायर डावीकडचा उजवीकडे टाकतात. मी घाबरलो होतो, म्हणून तेच केलं. व्हॅनचा टायर उजवीकडे टाकला. अंथरुणात कायम माझ्या डावीकडे असणाऱ्या वैजयंताला उजवीकडे घेतलं. जेवायलाही उजवीकडे बसवलं.

"ह्यानं काय हुतंय?" तिनं विचारलं.

"फरक पडतो," मी म्हणालो.

चार दिवस फरक पडला. मी तिला दोनदा हसताना पाहिलं. पाचव्या दिवशी तिची उजवी कड जायला लागली. आता ती दोन्ही बाजूंनी जात होती, आणि बाहेर व्हॅन जॅकवर उभी होती.

पुढच्या सोमवारी तिच्या खांद्यावर तार दिसली.

टायरचं रबर झिजून आतली पोलादी तार दिसायला लागली की मी गाडी दुकानाबाहेर जाऊ देत नाही. मग मालक कितीही मोठा असो, मी चावी काढून घेतो. तार दिसलेला टायर कधी फुटेल याचा नेम नसतो. उभ्या उभ्याही जातो. मी तो आवाज ऐकला आहे, आणि नंतर चाकाजवळ काय उरतं तेही पाहिलं आहे. तिच्या खांद्यावर तशीच बारीक तार होती, केसाएवढी, उन्हात चमकणारी.

"तू बसून राहा," मी म्हणालो. "काय करू नगंस."

"कापडं वाळत घालायची हायत."

कपडे मी घालतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तोवर तिनं ते दोरीवर टाकले होते.

मी मलकापूरला जाऊन हमीदचाचांना घेऊन आलो. मला हे काम त्यांनी शिकवलं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि मशीनवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. ते अजून जुन्या रीतीनं, गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून, दोरीपासून चाकाचं अंतर पट्टीनं मोजतात. पुढचं आणि मागचं अंतर सारखं भरलं की चाक सरळ.

चाचांनी वैजयंताकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे बघितलं.

"झिजतंय त्येच्याकडं काय बघत बसलाईस?" ते म्हणाले. "झिजत न्हाई ते कुठाय ते बघ."

त्यांनी आम्हा दोघांना दुकानातल्या रॅम्पवर शेजारी उभं केलं आणि दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणल्या. उजवी दोरी माझ्या दंडाला चिकटून होती. डावीकडे वैजयंता आणि दोरी यांच्यात वीतभर जागा होती. पूर्वी तिथं जागाच उरली नसती.

चाचांनी आधी तिला मोजलं. पुढून मोजलं, मागून मोजलं.

"पोरगी सरळ हाय. तिच्यात काय खोट न्हाई."

मग त्यांनी मला मोजलं. एकदा मोजून पट्टी पुसली, परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजून ते दोरीच्या पलीकडे खाली बसले.

"चार सूत फरक," ते म्हणाले.

"कुनाचं?"

"तुझं. बावीस वर्सं वडतूयास तिला."

"मी सरळ चालतो, चाचा," मी म्हणालो. मला राग आला होता. रॅम्पवर एक पांढरा पट्टा आहे. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावरून चालून दाखवलं. पाय कुठंही पट्ट्याबाहेर पडला नाही. मागे वळून पाहिलं तर वैजयंता माझ्याबरोबर आली होती. तिचे पाय आडवे घासत आले होते आणि सिमेंटवर काळी भुकटी पडली होती.

"तू सरळच चालतूस," चाचा म्हणाले. "ती फरपटतीया."

मी खाली बघितलं. माझ्या चपला कोऱ्या होत्या. पहिल्यांदाच मला त्यांची किळस आली.

"आता काय करायचं?"

"तुला सरळ करायचं. तिच्या अंगात आता दम न्हाई, आजच करायचं."

चाचांनी मला परत जागेवर उभं केलं, दोऱ्या आणखी आवळल्या आणि माझा सदरा वर केला. त्यांची बोटं पाठीवरून चाचपत गेली आणि दोन खांद्यांच्या मधे थांबली. तिथं नट होता. तो तिथं आहे हे मला कळल्यावर लगेच तो दुखायला लागला.

"गंजलाय," चाचा म्हणाले. "कवा कुनी हात लावल्याला दिसत न्हाई."

मी स्वतः हात मागे नेऊन बघितला. खालून पोचत नव्हता, वरून पोचत नव्हता. चाचांनी सतरा नंबरचा पाना लावला. पाना दोनदा निसटून रॅम्पवर पडला.

"माझ्यानं न्हाई हुयाचं," ते म्हणाले. "हिलाच फिरवू दे."

"तिला जोर लावू देऊ नका," मी म्हणालो. "तार दिसतीय तिची."

"मग कोन फिरवनार? तू?"

मी सदरा वर धरून उभा राहिलो.

वैजयंता माझ्या मागे गेली. तिची पावलं वाजली नाहीत. पाना नटावर बसल्याचं मला पाठीत कळलं. अर्धा आटा एवढंच काम होतं. हे काम मी दिवसातून वीसदा करतो. नट अडला तर पान्यावर सगळं अंग टाकायचं, मग तो सुटतो.

"कुटल्या बाजूला वढू?" तिनं विचारलं.

"खाली. तुझ्याकडं."

तिनं ओढलं. नट हलला नाही.

"अंग टाक," चाचा म्हणाले. "समदा भार टाक, पोरी."

समोर भिंतीवर चाकाची नेमकी जागा बघायचा आरसा आहे. त्यात मला आम्ही दिसलो. वैजयंतानं दोन्ही हातांनी पाना धरला होता आणि पाय जमिनीवरून उचलले होते. ती पान्याला लोंबकळत होती. पाना आडवाच होता. वाळत घातलेल्या ओढणीइतकाही तिचा भार त्यावर येत नव्हता. दाराकडून वारा आला तशी ती हलली, आणि तिच्या खांद्यावरची एक तार सुटून उभी राहिली.

तिला खाली घ्यायला मी वळायला लागलो.

"हलू नगासा," ती म्हणाली. "सरळ बगा."