बिफोरचा फोटो

चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार भीमराजपुढे तीन अटी होत्या. पिवळ्या पट्ट्यांमधल्या अडीच फुटांबाहेर जायचं नाही, फरशीला भोक पाडायचं नाही आणि नवीन काही विकत आणायचं नाही. एवढं पाळून कस्तुराबाईंचं वाकणं थांबवायचं. जमिनीवरच्या पेटीतून त्या एका शिफ्टला चारशे लोखंडी पार्ट उचलून मशीनवर ठेवत.

भीमराज आठ दिवस त्या अडीच फुटांभोवती घुटमळला. आजूबाजूला जागा नाही, वर टांगायला आधार नाही, म्हणून तो पेटीखाली शिरला. भंगारातल्या चार लांब स्प्रिंगा त्यानं खाली बसवल्या. माल कमी होईल तशी पेटी आपोआप वर येऊ लागली. वरचा थर कायम कमरेच्या उंचीवर.

प्रॉडक्शन मॅनेजर सुजित साहेब खूश झाले. "भावा, कायझेन स्पर्धेत, कामातल्या सुधारणांच्या, पहिला नंबर आण. सहा वर्षांचं कंत्राट संपलं, तू पर्मनंट!"

अडलं ते फॉर्मवर. सुधारणेच्या आधीचा, म्हणजे 'बिफोर'चा फोटो सक्तीचा होता आणि तो कुणीच काढला नव्हता.

"स्प्रिंगा काढ, फोटो घे, परत बसव."

"लाइन थांबवावी लागेल, साहेब."

"लाइन थांबणार नाही."

कस्तुराबाई तर ऐकेनातच. "म्या न्हाई वाकायची. तीन आठवडं झालं ताठ उभी हाय. आता फोटोपायी कंबर मोडू व्हय?"

पुन्हा अटी आल्या, आणि अटी आल्या की भीमराजचं डोकं चालायचं. त्यानं पेटीत दुप्पट वजन टाकलं. स्प्रिंगा दबून पेटी जमिनीला टेकली. मग कस्तुराबाईंची टोपी आणि एप्रन घालून तो स्वतःच वाकला. वाकलेल्या माणसाचं तोंड थोडंच दिसतं!

सुजित साहेबांना मात्र फोटो पसंत पडेनात. "त्रास दिसत नाही, राव. अजून वाक. पार्ट खरोखर उचल."

चौदाव्या खेपेला भीमराजच्या कमरेत कळ आली आणि तो तसाच आखडला.

"हाच!" साहेब ओरडले.

इतका बोलका बिफोर यंदा दुसरा नाही, असं परीक्षकांचं मत पडलं. पहिला नंबर आला. पर्मनंट होण्याआधी मेडिकल झालं, त्यात डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली आणि लिहिलं, वजन उचलण्यास अपात्र. पर्मनंटचं तिथंच अडलं.

कामावरची इजा म्हणून नोंद झाली असती तर कंपनीला सांभाळून घ्यावं लागलं असतं. भीमराज कंबरपट्टा बांधून, इजेचा अर्ज घेऊन सेफ्टीच्या योगिनी मॅडमकडे गेला. सोबत कस्तुराबाई.

"इजा कशी झाली?"

"पेटीतून पार्ट उचलताना, वाकून."

"तिथं वाकावं लागत नाही. तुमच्याच कायझेननं ते सिद्ध झालंय." मॅडमनी फाइल उघडली. "आणि फोटोत वाकल्यात त्या कस्तुराबाई. बाई, तुम्हाला काही त्रास?"

"मला? मला न्हाई. पर ह्यो—"

"मग झालं तर," म्हणत मॅडमनी फाइलवर 'इजा: निरंक' असा शिक्का मारला आणि भीमराजचा अर्ज पुढच्या वर्षी बघायच्या गठ्ठ्यात ठेवला.