कंबरेला बांधलेली वजनं

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. उभ्या खांबाचा, आडव्या दांडीचा, पायाखाली लोखंडी फळी असलेला. भोरमधल्या एका धर्मादाय इस्पितळात मी इतकी वर्षं उभा आहे, की बसणं म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही. लोक चढतात, उतरतात. उतरताना कुणी 'दमलास का रे' म्हणून विचारल्याचं आठवत नाही.

कारखान्यातून टेम्पोत आडवा पडून आलो तेव्हा माझा पांढरा रंग असा चकाकत होता, की नर्सबाई माझ्यात बघून टिकली नीट करत. वजनमाप खात्याच्या साहेबांनी शिक्का मारला आणि मला दाराशी उभं केलं. तिथं मला माणसं कळली. पोलीस भरतीची पोरं माझ्यावर चढण्याआधी बाहेर केळी गिळायची. शाळेतल्या बाई आधी चपला काढायच्या, मग पर्स ठेवायच्या, मग मनगटावरचं घड्याळसुद्धा. विम्याच्या तपासणीला आलेले आनंदराव श्वास रोखून उभे राहायचे, जणू पोटातली हवाच काय ती जड. कुणाला जास्त भरायचं असतं, कुणाला कमी. आहे तेवढं भरायला कुणी राजी नसतं.

मग विजेवरचा नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्या खांबावर ओल्या छत्र्या टांगल्या जायच्या. पण वीज गेली की नवा काटा डोळे मिटायचा. शेवटी मला परत बोलावलं, ते कॅन्सरच्या खोलीत.

त्या खोलीत एक निराळं काम चालतं. एका औषधाला दुसऱ्या गोळीची जोड दिली तर माणूस जास्त जगतो का, हे अजून कुणालाच खात्रीनं माहीत नाही. एकट्या इस्पितळात त्या आजाराची माणसं येऊन येऊन किती येणार? म्हणून देशभरातल्या बऱ्याच इस्पितळांनी हातात हात घेतला आहे. सगळ्यांचा प्रश्न एक, नियम एक, तपासण्या एकसारख्या. जोडीची गोळी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे डॉक्टरसुद्धा ठरवत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं संगणक ठरवतो, म्हणजे वशिल्याला जागा नाही.

हे सगळं समजावून सांगायचं काम भाटघरच्या अश्विनी नर्सचं. एक दिवस वेल्ह्याकडच्या एका गावातून कुंडलिक आणि त्याची बायको साळूबाई आली. आधी नसरापूर, तिथून दुसरी गाडी धरून भोर. कुंडलिकच्या अन्ननलिकेत कॅन्सर होता. घास उतरायचा, पण अडखळत.

"मामा, तुमच्याकडं डेअरी हाय ना?" अश्विनीनं विचारलं. "एका घरच्या दुधानं टँकर भरतो का?"

"कसा भरंल?"

"आख्ख्या खोऱ्याचं गोळा होतं, तवा कुठं टँकर पुण्याला निघतो. हे बी तसंच. गावोगावचं थोडं थोडं मिळून उत्तर निघतं. तुमची मर्जी असंल तरच हां. नको वाटलं तर कवा बी सोडा, तुमचा उपचार काय थांबत न्हाई."

कुंडलिकनं साळूबाईकडं पाहिलं. साळूबाईनं कोपरानं ढोसलं. कुंडलिकनं सही केली. आपण किती सोपं करून सांगितलं म्हणून अश्विनी खूश झाली. पण सोपं करून सांगणाऱ्याला एक कळत नाही, ऐकणारा ती गोष्ट आपल्या घरी नेतो आणि तिथं ती पुढं वाढते.

पहिल्या खेपांना कुंडलिकचं वजन उतरत गेलं. मग एकाएकी उतरायचं थांबलं. अश्विनी म्हणाली, "वा मामा, झेपतंय की औषध." कुंडलिक नुसता हसला. मला मात्र त्याचा पाय फळीवर पडताच कळलं होतं. शर्टाच्या आत, कंबरेला कापडी पट्टा होता आणि पट्ट्यात धान्य मोजायची जुनी लोखंडी वजनं. आमच्याच भावकीतली, मी ओळखणार नाही तर कोण? दर खेपेला एखादं वाढायचं. पण काट्याला दांडी असते, जीभ नसते.

औषधाचा डोस ठरवताना वजन धरतात, मित्रांनो. लोखंडासकट भरलेल्या माणसाला लोखंडासकटचा डोस जायचा. त्याचं तोंड सोलून निघालं, पायात बळ राहिलं नाही. डॉक्टर म्हणायचे, वजन टिकलंय म्हणजे अन्न जातंय. अन्न कुठलं जायला? पेजसुद्धा माघारी येत होती.

प्रत्येक इस्पितळाचं काम बघायला अधूनमधून बाहेरचं माणूस येतं. त्या खेपेला पुण्याहून शेफालीमॅडम आल्या. त्यांनी कुंडलिकला माझ्यावरून उतरताना पाहिलं.

"अश्विनी, ह्यांच्या शर्टात अजून एक माणूस मावेल. आणि वजन हलत नाही?"

"काटाच म्हातारा झालाय मॅडम."

आयुष्यभर खरं बोललो, त्याचं हे बक्षीस. शेफालीमॅडमनी कपाटातली शिक्क्याची वजनं मागवली आणि एकेक करून माझ्यावर ठेवली. दांडी दर वेळी बरोबर मधोमध थांबली.

"काटा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

साळूबाई भिंतीकडं बघून म्हणाली, "सोडा आता. अजून किती दिस वागवनार हायसा?"

कुंडलिकनं शर्टाखाली हात घालून गाठ सोडली. वजनं फरशीवर आपटली. अश्विनीनं त्यातलं एक उचललं.

"मामा, हे कशापायी?"

"डेअरीत फॅट कमी लागलं का दूध माघारी लावत्यात, ताई. म्हटलं, म्या पातळ झालो तर मला बी माघारी लावाल. मग म्या जावं कुठं?"

अश्विनीचा चेहरा उतरला. शेफालीमॅडम त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. "मामा, इथं कुणाला माघारी लावत नाहीत. पातळ झालात तर पातळ झालात, एवढंच आम्हाला कळायला हवं. खोटं वजन गेलं तर सगळ्या गावांचं मिळून जे उत्तर निघायचं, तेच नासेल. आणि त्याआधी तुम्ही जाल."

"मंजी नाव खोडायचं न्हाई?"

"नाही."

"मग त्येवढी वजनं द्या माघारी. शेजाऱ्याची हायती."

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसली की रडली, ते मी सांगू शकत नाही, तेवढं मला मोजता येत नाही.

अश्विनीनं जुन्या नोंदी पुसल्या नाहीत. शेजारी लिहिलं, काय घडलं ते. डॉक्टरांनी डोस कमी केला, पोटात अन्न जायला नाकातून नळी घातली. त्यानंतर कुंडलिक माझ्यावर चढताना म्हणायचा, "घे बाबा, आज नुसता मीच हाय." तो थोडा सावरला, काही महिने बरे काढले. मग हळूहळू उतरत गेला. जेवढा होता, तेवढाच भरत गेला.

एक दिवस साळूबाई एकटीच आली. उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या असतात, त्या तिनं डब्यातून आणल्या होत्या. अश्विनीनं तिचा हात धरला.

"ताई, आता त्येंचं समदं खोडनार?"

"न्हाई मावशी. मामांचं धरूनच उत्तर काढायचं. किती दिवस काढले, कसे काढले, तेच तर पायजे असतं."

"कवा निघंल उत्तर?"

"अजून काही वर्षं जातील."

साळूबाईनं पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि कुणी न सांगता माझ्यावर उभी राहिली. अश्विनीनं दांडीवरचं सरकतं वजन अंदाजानं बाईमाणसाच्या आकड्यावर ठेवलं. दांडी उचलेना. तिनं ते मागं सरकवलं. तरी उचलेना. अजून मागं. अजून.

"मावशी, एवढं कधीपासनं उतरलंय?"

"काय ठावं. माजं वजन कुनी केलंय कवा?"

इतक्या खेपा ती त्याला फळीवर चढवायची, पडू नये म्हणून शेजारी उभी राहायची. माझ्यापासून हातभर अंतरावर. अश्विनीनं तिला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांना हाक मारायला गेली.

मित्रांनो, माझ्या सांध्यांना तेल घालाल तर उपकार होतील, नाही घातलंत तरी मी कुरकुरत चालेन. फार दमलो आहे. पण घरातल्या आजाऱ्याला घेऊन माझ्याकडं याल, तेव्हा त्याचा दंड धरून जे माणूस आलंय, त्यालाही एकदा फळीवर चढवा. त्याचं मला अजून ओझं होत नाही.