माझ्यात अडकलेले आवाज

कर्र…

माझ्या बिजागरीचा आवाज तो. घर दुपारचं चिडीचूप होतं. आईने मला कपाटावरून उतरवलं, टेबलावर ठेवून हलक्या हाताने उघडायला घेतलं, आणि नेमका मी कुरकुरलो. पलंगावरचे बाबा कूस बदलून पुन्हा घोरू लागले. आईने माझ्या तोंडावरची धूळ पुसली आणि ती कुजबुजली, "राजा, आज तरी ऐक."

मित्रांनो, मी लॅपटॉप. माणसांच्या हिशेबात माझं वय अगदी पोरासोराचं, पण आमच्यात मी पणजोबा लागतो. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कोणी माझे बारीक स्क्रू पिळले, कोणी कळफलक बसवला, कोणी काच लावली. त्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत, कारण माझा डोळा तोवर उघडलाच नव्हता. मग दुकान, आणि एके दिवशी आईचे हात. खरं तर तेव्हा ती आई नव्हती. पहिल्या पगारातून मला घेऊन निघालेली, वाटेत सारखी पिशवीत डोकावणारी एक मुलगी होती. शाळेच्या पुस्तकांची पानं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधायचं तिचं काम. "ह्याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं ती आल्यागेल्याला सांगायची, तेव्हा माझा पंखा अभिमानाने गरगरायचा.

पुढे भुंगी झाली. तिचं खरं नाव वेगळं आहे. पण सतत कानाशी गुणगुणत काहीबाही विचारत असते, म्हणून घरादाराची ती भुंगी. तान्ही असताना ती स्वतःच्याच भाषेत तासन्‌तास गप्पा मारायची. आई ते आवाज माझ्यात साठवून ठेवायची. त्याच सुमारास मी आईकडे नवा पासवर्ड मागितला. अंक हवा, चिन्ह हवं, आधीचा चालणार नाही, अशी माझी नाटकं. तिने कसाबसा एक दिला, आणि रोज न चुकता वापरलाही.

मग ऑफिसने तिला नवा, चपळ लॅपटॉप दिला. मी कपाटावर गेलो. शेजारी मोडकी छत्री आणि रिकामी सुटकेस. तिघांचीही कोणी चौकशी करेना. वर्षं गेली, भुंगी शाळेत जाऊ लागली, आणि माझा पासवर्ड आईच्या डोक्यातून पार पुसला गेला.

आता मात्र घाई होती. बाबांची भाची कॉलेजला निघाली होती. तिला लिहिण्यापुरता मी चालणार होतो, आणि उद्या ती मला न्यायला येणार होती. दुरुस्तीवाल्या काकांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, "वहिनी, कोरा करून लगेच देतो. पण आतल्या फायली पासवर्डने बांधलेल्या आहेत. पुसल्या की गेल्या." आणि भुंगीचे ते आवाज दुसरीकडे कुठेच नव्हते.

तुम्ही म्हणाल, तुला ठाऊक असेल की पासवर्ड, सांगून मोकळा हो. मित्रांनो, गंमत तिथेच आहे. मी पासवर्ड जवळ ठेवतच नाही. ठेवतो फक्त त्याची एक खूण. समोर आलेला शब्द त्या खुणेशी जुळला तर दार उघडायचं, नाहीतर नाही. खुणेवरून शब्द कोणता, ते मलाही सांगता येत नाही. तेव्हा आईइतकीच मलाही उत्सुकता होती.

तिने वाढदिवस घालून पाहिले, जुन्या घराचा नंबर घातला, भुंगीची सगळी लाडकी नावं घातली. मी दर वेळी 'चूक' म्हणालो. शेवटी नियमाप्रमाणे 'थोड्या वेळाने या' असंही म्हणालो.

बाबा जागे झाले. "मिळाला का गं?"

"मिळाला असता तर अशी बसले असते का?"

"लग्नाची तारीख घातलीस?"

"तुला तरी आठवते का ती?"

बाबा चहा टाकायला उठले.

तेवढ्यात भुंगी आली. तिने माझ्या बटणांवरून बोट फिरवलं. "आई, ह्या बाजूची अक्षरं कुठे गेली?"

"पुसली गं, वापरून वापरून."

"मग त्या बाजूची का नाही पुसली?"

आई बटणांवर वाकली. मग आपल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाली, "तू माझ्या उजव्या हातावर झोपायचीस. हात काढला की भोकाड. मग मी सगळं काम डाव्या हाताने करायचे."

"पासवर्डपण?"

"पासवर्डपण. डाव्या हाताला सापडली ती बटणं दाबली असणार. त्याला अर्थच नव्हता, म्हणून तर आठवत नाही."

"मग घे ना मला तशी."

आईने तिला मांडीवर आडवं घेतलं. पाय पार जमिनीला टेकले. "केवढी घोडी झालीस गं." भुंगीने डोळे मिटून घोरायला सुरुवात केली.

"बाळं घोरत नाहीत."

"मी नाही घोरायचे?"

"नाही. तो तुझा बाबा."

आईनेही डोळे मिटले. डावा हात माझ्यावर आला. बोटं हलली. चूक.

"तू हललीस," आई म्हणाली.

"तूच हसलीस."

मग आईने पुन्हा डोळे मिटले. थोड्या वेळाने ती आपल्या नकळत डुलू लागली, पूर्वी डुलायची तशी, आणि डुलता डुलता बोटं झरझर पडत गेली. खूण जुळली. मी उघडलो.

"आधी कॉपी कर," बाबा चहाचे कप घेऊन धावतच आले, "बाकी सगळं मग." तेही शहाणपणाचंच होतं. मित्रांनो, मला एवढंच सांगायचं आहे: जे जपायचं ते एकाच जागी ठेवू नका, आणि कुलूप लावाल तर किल्लीची आठवण एखाद्या विश्वासाच्या माणसालाही द्या. आम्ही यंत्रं इमानी असतो, पण आम्हाला कीव करता येत नाही.

कॉपी झाली. आईने पहिला आवाज लावला. "अग्गू… तातंबू… ब्लेऽ… तातंबू." आणि लगेच त्या वेळच्या आईचा आवाज, अगदी गंभीर: "हो का? मग गं? बरं बरं, नको देऊया त्याला."

बाबा हसले. भुंगी मात्र हसली नाही. ती उठून बसली आणि तिने पुन्हा लावायला सांगितलं. आईने लावलं. तातंबू. नको देऊया त्याला. आईने कान अगदी माझ्याजवळ आणला, आणखी एकदा ऐकलं, पण तिला काही केल्या आठवेना.

"आई," भुंगीने विचारलं, "मी कोणाला काय द्यायचं नाही म्हणत होते?"