चक्क्याची वाटी आणि अडकलेला करदोडा

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा करदोडा आहे. कंबरेला बांधतात ना, तोच. तुमचा काळ्या दोऱ्याचा असेल, मी मात्र साखळीचा. बलभीम सोनारानं नळीनं फुंकून फुंकून माझी एकेक कडी जोडली. अंबादासच्या लग्नात त्याच्या आईनं, धुरपदाबाईनं, मला त्याच्या कंबरेला घातलं. तेव्हा अंबादास शेवग्याच्या शेंगेसारखा होता. तो चालला की मी छुमछुम वाजायचो. बायका म्हणायच्या, "काय बाई करदोडा! नवरदेव दिसंना त्याच्यापुढं!" मी खूश.

मग निजामाचं राज्य गेलं आणि अंबादास तालुक्याच्या कचेरीत कारकून झाला. कारकुनाला बसावं लागतं. बसलं की चहा येतो, आणि चहा एकटा कधीच येत नाही, बरोबर भजी आणतो. अंबादास रुंद होत गेला. माझा फासा, म्हणजे दोन टोकं अडकवायची आकडी, ताणून ताणून सुटायला लागला. एकदा साहेबांपुढं कागद ठेवताना मी धोतरातनं निसटून थेट साहेबांच्या बुटावर जाऊन पडलो. अंबादास तसाच सोनाराकडं गेला, मला पुन्हा घातलं आणि फासा कायमचा जोडून घेतला.

त्यानंतर पोट वाढलं, मी काही वाढलो नाही. हळूहळू मी पोटाच्या घडीत बुडालो. आंघोळीलासुद्धा मला कुणी घासेना. वर्षानुवर्षं मी अंधारात, घामात काळा पडत गेलो.

आणि अंबादासला मुलगा झाला.

त्यांच्या घरात एक रीत होती. थोरल्या पोराचं जावळ सोनारी गावच्या भैरवनाथापुढं काढायचं, आणि बापानं आपला करदोडा काढून पोराला घालायचा. रीत पार पडेपर्यंत कडी तुटली किंवा फाशाचा जोड उघडला तर अपशकुन. वर धुरपदाबाईंचा नियम असा, की देवाची चांदी पायाखालनं न्यायची नाही, डोक्यावरनंच काढायची. जावळ चैत्रात होतं. शिवकांतानं, म्हणजे अंबादासच्या बायकोनं, मला हुडकून वर ओढायचा प्रयत्न केला. मी इंचभरसुद्धा हललो नाही. पोराच्या नशिबाचा प्रश्न, आणि मी रुतून बसलेलो.

अंबादास डॉक्टर वसंतरावांकडं गेला. आईही संगं गेली.

डॉक्टर म्हणाले, "भजी बंद. कचेरीत पायी जायचं. संध्याकाळी लवकर जेवायचं, आणि झोपायच्या आधी वाटीभर चक्का खायचा. बिनसाखरेचा. त्यात प्रथिनं असतात. पोटाला आधार राहतो, मध्यरात्री डबे उघडावे लागत नाहीत."

धुरपदाबाई उसळल्या. "अवो डाक्टर, झोपताना खाल्लेलं समदं चरबीत जातं! एवढं बी ठावं न्हाय व्हय तुमास्नी?"

"आजी, माणूस झोपला तरी चरबी जळायचं काम आत चालूच असतं. वाटीभर चक्क्यानं ते बंद पडत नाही."

"काय की बाई. म्या तर असलं कधी ऐकलं न्हाय."

अंबादासनं मात्र सगळं ऐकलं, आणि नेमकं कारकुनासारखं ऐकलं. झोपायच्या आधी वाटीभर. हुकूम म्हणजे हुकूम. मग झोप दुपारची असो की कचेरीतली! त्यानं टेबलाखाली चक्क्याचं मडकंच आणून ठेवलं. डुलकी आली की वाटी. वाटी झाली की डुलकी.

धोंडीबा नावाचा शेतकरी कागदासाठी हेलपाटे घालत होता. "रावसाहेब, आज तरी माजं काम व्हईल का?"

"थांबा जरा, औषध घ्यायचंय," अंबादास म्हणायचा, वाटी चाटून पुसून खायचा आणि टेबलावर डोकं ठेवायचा.

"लई गुणकारी दिसतंय औषध," धोंडीबा शिपायाला म्हणाला. "घेतल्या घेतल्या बेशुद्ध."

मी दिवसेंदिवस आवळत चाललो. रोज सकाळी धुरपदाबाई माझ्या आणि पोटाच्या मधे बोट घालून बघायच्या. बोट जाईना. "बघ, आंब्या! त्या रातच्या वाटीनंच घात केला!" एका रात्री त्यांनी वाटी लपवून ठेवली. अंबादास रात्रभर उपाशी कूस बदलत राहिला आणि मी त्याच्याबरोबर रगडला गेलो. सकाळी बोट घातलं तर मी होतो तितकाच घट्ट. मित्रांनो, त्या पोटाच्या सगळ्यात जवळ मी होतो. रात्रीची वाटी असो नसो, मला काडीचा फरक पडत नव्हता. पण करदोड्याला विचारतो कोण?

एक दिवस नवरा डबा विसरला म्हणून शिवकांता कचेरीत आली. अंबादासच्या एका हातात वाटी, डोळे अर्धे मिटलेले.

"अहो! हे काय?"

"औषध. झोपायच्या आधी घ्यायचं असतं."

"मग कचेरीत झोपताच कशाला?"

"कमाल करतेस. औषध घेतल्यावर झोपायला नको?"

शिवकांतानं मडकं काखेत मारलं आणि नवऱ्याला डॉक्टरांपुढं नेऊन उभं केलं. डॉक्टर आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "अंबादासराव, रात्रीची एक वाटी माझी. बाकीच्या सगळ्या तुमच्या!"

तेव्हापासून रात्रीची वाटी राहिली, दिवसाच्या गेल्या. भजी गेली. अंबादास धापा टाकत पायी कचेरीत जायला लागला. चैत्र लागेपर्यंत धुरपदाबाईंची दोन बोटं आरामात आत जायला लागली, आणि मला पहिल्यांदा वारा लागला.

सोनारीला जावळ काढून झालं आणि करदोड्यासाठी देवळामागं सगळे जमले. अंबादासला करडईचं तेल चोपडलं. दोन मेहुण्यांनी मला वर ओढलं. पोट ओलांडलं! आणि मी छातीवर अडकलो. अंबादासचे हात वर, तोंड लाल. पोट लहान दिसावं म्हणून पठ्ठ्यानं श्वास कोंडून छाती फुगवलेली.

"श्वास सोडा, दाजी!"

मानेनंच नाही म्हणाला. सोडला तर पोट परत येईल, अशी त्याला धास्ती.

"कापा आता," कुणीतरी म्हणालं.

"खबरदार!" धुरपदाबाई ओरडल्या आणि नातवाला घेऊन पुढं आल्या. "पोरगंच टेकवते साखळीला, तेवढं तरी हुंदे." त्यांनी नातवाला बापाच्या छातीशी धरलं. पोरानं मला मुठीत पकडलं आणि बापाच्या उघड्या पोटावर ऊन ऊन धार सोडली.

"आयाया!" अंबादासचा सगळा श्वास एकदम बाहेर. छाती बसली, मी तेलावरनं सर्रकन खांदे, कान, शेंडी ओलांडून बाहेर आलो. अख्खा. एक कडीसुद्धा न तुटता.

पोराभोवती मला वेढ्यावर वेढे घालावे लागले. रीत झाली होती, म्हणून गावी परतल्यावर बलभीम सोनारानं फाशाचा जुना जोड सोडवला, मला चिंचेनं लखलखीत घासलं आणि विचारलं, "फासा पक्का जोडून देऊ?"

"नगं रं बाबा," धुरपदाबाई म्हणाल्या. "बापाचंच पोरगं हाय. मोकळाच ऱ्हाऊ दे."

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आंघोळीच्या वेळी आपल्या करदोड्याला रोज चोळा. आणि तो घट्ट झाला तर रात्रीच्या एका वाटीवर आळ घेण्याआधी दिवसभरात काय काय खाल्लं ते जरा आठवा. आम्ही बिचारे सगळं बघत असतो, फक्त बोलत नाही.