मगताईचा प्रश्न

ऑफिसात तिला सगळे मगताई म्हणत. कंपनीचं ॲप वापरणाऱ्यांच्या मुलाखती घेणं हे तिचं काम. लोक ‘छान आहे’ म्हणून हात झटकून मोकळे व्हायचे, ही नुसतं "मग?" म्हणायची आणि गप्प बसायची. त्या गप्प बसण्याने भल्याभल्यांची जीभ सैल व्हायची. उत्तर कुणाच्या तोंडात घालायचं नाही, हा तिचा नियम. नवख्यांनी तो मोडला की ती त्यांची बिनपाण्याने करायची.

आज ती एका सेविकेच्या स्वयंपाकघरात बसली होती. ही बाई अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या घरी जाऊन दिवसभर त्यांची देखभाल करायची, आणि ती कामावर हजर आहे की नाही हे तिचा फोन कुठे आहे त्यावरून ॲप कंपनीला कळवायचं. टेबलावरच्या लॅपटॉपवरून मगताईचे साहेब ऐकत होते. तसं सेविकेला आधीच सांगितलं होतं.

"ॲपचा काही त्रास नाही बघा," सेविका म्हणाली.

"कालची दुपार सांगा ना. आजींचं जेवण झालं..."

"त्यांना झोप लागली."

"मग?"

सेविका हसली. "मग माझ्या लेकीला भरवायची वेळ. तिला आपल्या हाताने खाता येत नाही ना."

आतल्या खोलीत कुणीतरी चमचा आपटला. मगताईच्या लगेच ध्यानात आलं. लेक इथे, आजी तिथे. काम सोडून जाणारीला कंपनी दुसऱ्याच दिवशी घरी बसवते. काय अवदसा आठवली नि विचारलं!

लॅपटॉपवर साहेबांची ओळ उमटली: ‘तेव्हा फोन कुठे असतो?’

"म्हणजे लेकीला घरचंच कुणीतरी भरवत असेल, हो ना?" मगताई घाईघाईने म्हणाली. "तुम्ही तर तिथेच असता." आयुष्यात पहिल्यांदा तिने उत्तर कुणाच्या तोंडात घातलं, वर मानही हलवली. हो म्हण गं बाई, नुसतं हो म्हण.

सेविकेने तिच्या हातावर हात ठेवला.

"इतक्या आपुलकीने कुणी विचारत नाही हो, ताई. तुमच्याशी कशाला खोटं बोलू? फोन आजींच्या उशाशी ठेवते, जाऊबाईंना तिथे बसवते, नि मी पळत घरी येते."

मगताईने लॅपटॉप मिटला, पण तोवर ओळ उमटली होती: ‘वा, मगताई!’