आधी पुठ्ठा, मग भोक

पुठ्ठा : दिवा, गोल, पायरीच्या वर

बाबांचा नियम असा : होडीच्या केबिनमध्ये जे काही बसवायचं, त्याच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि जागेवर चिकटवायचा. मग आठवडाभर तिथं वावरायचं. बसायचं, वाकायचं, चहा करायचा. डोकं आपटलं, कोपर घासलं, की पुठ्ठा सरकवायचा. कुणालाच काही लागेनासं झालं, की बाबा त्यावर जाड पेन्सिलीनं फुली मारणार. फुलीशिवाय भोक नाही.

"लाकूड माफ करत नाही," ते म्हणायचे. "माणसं करतात. म्हणून माणसांना कुणी आधी पुठ्ठा लावून बघत नाही."

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचे दोन्ही मुलगे बसमध्येसुद्धा तोंडाशी पिशवी धरून बसणारे, त्यामुळे शिडाची होडी सुनांच्या वाट्याला आली. म्हणजे सुनेच्या. मी सुतारकाम करते. केबिनमधलं प्रत्येक कपाट, प्रत्येक फळी माझी. आत झोपायला दोनच बाक. काम संपलं की पहिली फेरी समोरच्या बेटापर्यंत, रात्र होडीतच, सकाळी परत. एक बाक बाबांचा. दुसरा कुणाचा, हे बोलायची कधी वेळच आली नव्हती.

मग धाकट्या दिरानं लग्न केलं.

पुठ्ठा : नकाशाचा स्क्रीन / पुठ्ठा : रेडिओ / पुठ्ठा : बटणांची पाटी / पुठ्ठा : पाण्याची खोली दाखवणारं यंत्र

(सगळे तिचे. अक्षर बघा. छापल्यासारखं.)

धाकटी लिफ्टच्या वायरिंगचं काम करते. अडचणीच्या जागेत अर्धी उलटी होऊन राबायची तिला सवय. केबिनमध्ये शिरली ती माहेरी आल्यासारखी.

"बाबा, बॅटरी कुठं ठेवायची?"

बाबा! पहिल्याच दिवशी! मला 'बाबा' म्हणायला लग्नानंतरचं दुसरं वर्ष उजाडलं होतं. तोवर मी नुसती खोकायचे.

"बाबा, जरा टॉर्च धरता?"

आणि त्यांनी धरला. दुखऱ्या गुडघ्यावर बसून, दुपारभर. माझ्यासाठी त्यांनी कधी टॉर्च धरला नव्हता. मला वाटायचं, माझ्यावर विश्वास आहे म्हणून. मग वाटलं, मी कधी मागितलाच नाही. मग वाटलं, मागायला कशाला लागतं?

ती प्रत्येक वायरीला निळ्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळायची आणि त्यावर वायर कुठून कुठं जाते ते लिहायची. बाबा एकेक तुकडा वाचून मान डोलवायचे, जणू नातवाचं प्रगतिपुस्तक.

"ताई, ही फळी थोडी खरवडू का? वायर जायला."

"मी खरवडते."

"अहो, तुमचा हात गुंतलाय..."

"फळी माझी आहे."

"फळी होडीची आहे," बाबा म्हणाले. ते हसत होते. ती हसली नाही, हे तिचं शहाणपण. शहाणपणाचाच तर राग येतो.

पुठ्ठा : स्पीकर, गोल, दोन

केबिनच्या मागच्या भिंतीला, आतून. त्या भिंतीपलीकडे सुकाणूवाल्याची बसायची जागा.

पुठ्ठा : सुऱ्यांची पट्टी

हा माझा. त्याच भिंतीला, चहाच्या ओट्यावर. वीतभर लाकूड, आणि त्याच्या पोटात मी जोरदार लोहचुंबकं पुरली होती. वरून नुसतं गुळगुळीत लाकूड. सुरा जवळ नेला की टक्कन चिकटणार. ना खिळा, ना खाच, ना वायर. ना निळी पट्टी.

मला त्यांच्या तोंडून एक 'वा' हवं होतं. एकच.

आठवडाभर तो पुठ्ठा कुणाला लागला नाही. फुली मिळाली. पट्टी बसवली, सुरे चिकटवले. बाबांनी एक सुरा काढला, लावला, परत काढला.

"वा," ते म्हणाले. आणि लगेच, "धाकटे, हे बघितलंस का?"

म्हणजे 'वा'सुद्धा वाटून घ्यायचं.

पुठ्ठा : होकायंत्र

होकायंत्र सगळ्यात शेवटी. त्याच मागच्या भिंतीला, बाहेरून, सुकाणूवाल्याच्या डोळ्यांसमोर. पुठ्ठा लावला, फुली झाली, भोक मी पाडलं.

आमचा धक्का नाकासमोर उत्तरेकडे जातो. होडी त्याला चिकटून बांधलेली. होकायंत्रानं उत्तर दाखवायला हवी होती. त्यानं पूर्वेकडे मान वळवली आणि तिथंच रुसून बसलं.

बाबांनी काचेवर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

आणि माझ्या पोटात, खोटं कशाला बोलू, दिवा लागला.

"स्पीकर," मी म्हणाले. "स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. बरोबर या भिंतीमागं लावलेत."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं. आणि आत गेली.

बाबा आणि मी बाहेर बसून काचेकडं बघत होतो. आत खडखड. मग शांतता. मग होकायंत्र हललं, डुलत डुलत मागं आलं आणि धक्क्याच्या रेषेत उभं राहिलं.

"सापडलं का गं?" बाबा ओरडले.

"हो बाबा. स्पीकरच. चुकलं माझं."

"अगं, असू दे, असू दे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शनिवारी निघू. तुझी पिशवी भर."

मी आत गेले. खोटं कशाला बोलू, तिचं तोंड बघायला गेले.

ती स्पीकरचा स्क्रू काढत होती. पहिला. स्पीकर दोन्ही अजून भिंतीवरच होते.

सुरे ओट्यावर आडवे पडले होते. माझी पट्टी पार पुढच्या टोकाला, दोरांच्या पिशवीवर, टॉवेलात गुंडाळलेली.

पुठ्ठ्यात चुंबक नसतं. आठवडाभर पुठ्ठ्यापाशी वावरा नाहीतर वर्षभर.

"हे स्पीकर होडीसाठीचेच आहेत," ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांचं चुंबक झाकलेलं असतं. पण काढते. नाहीतर बाबा विचारतील." आणि वर : "पट्टी छान आहे, ताई. पुढं लावा, तिथं काही बिघडणार नाही."

छान आहे, म्हणे.

(इथं पुठ्ठा नाही. याचं माप घेता आलं नाही.)

मी जायचं, बाकावर झोपायचं, सकाळी बेट बघायचं. आणि प्रत्येक वेळी होकायंत्राकडं बघितलं की ही फेरी तिनं दिलेली. माझ्या फळ्या, माझी कपाटं, आणि माझी जागा तिच्या उपकाराची? शक्य नाही. चांगुलपणातही हिनंच पहिलं यायचं?

"बाबा!" मी ओरडले. "स्पीकर नाही! माझी पट्टी! ही खोटं बोलतेय!"

"ताई, अहो..."

"तू गप्प बस!"

बाबांचं डोकं दारातून आत आलं. त्यांनी सुरे बघितले, टॉवेल बघितला, आम्हा दोघींना बघितलं. मग खोकल्यासारखं हसले.

"पुठ्ठ्याचा नियम माझा," ते म्हणाले. "तेव्हा गाढव मी."

"मग शनिवारी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"शनिवारी धाकटे, तू चल. रात्रभर समुद्रावर मला गप्प बसणारं माणूस बरं."

पुठ्ठा : ताई, एक

शनिवारी दोर मीच सोडला. त्याआधी आत जाऊन पट्टी पुढं पक्की केली, स्पीकरचे स्क्रू घट्ट केले. आणि दुसऱ्या बाकाच्या वर, उशीजवळ, एक पुठ्ठा चिकटवला. वर तेवढंच लिहिलं. बाकी नियम बाबांचा. आठवडा काय, एक रात्र वावरा म्हणावं.

रविवारी ते परत आले. धाकटीचं नाक उन्हानं रापलं होतं. बाबा शीळ घालत होते. मला त्यांची शीळ माहीतच नव्हती.

मी सामान उतरवायच्या निमित्तानं आत गेले. पुठ्ठा होता. त्यावर जाड पेन्सिलीची फुली होती.

मी तिथंच बाकावर बसले. मग दिसलं. माझी चिकटपट्टी रात्रीच्या दमटपणानं सुटली असणार. चारही कोपऱ्यांना नवी पट्टी होती. निळी. रेषेत लावलेली.

तेवढंही तिलाच सुचायचं होतं.