चावलेला घास

आई मेलेलं डुकराचं पिल्लू लेपिनाने रताळं चावून, तळहातावर चाटवून वाढवलं. डोंगरावरच्या त्या विधवेच्या झोपडीत ऊब म्हणून तेवढंच. पुतण्याचं लग्न ठरलं आणि दिराने, तेरियानुसने, मोठी झालेली ती डुकरी जेवणावळीसाठी ओढून नेली. तापल्या दगडांच्या खड्ड्यात मांस शिजलं, तेव्हा पहिला वाटा त्याने तिच्याचपुढे धरला.

"वहिनी, खा की. चरबी बघ कशी सुटलीये."

"माझ्या रताळ्यांचीच ती. तोंडातला घास भरवलेला जीव कुणी खातं का रे? तुमची पोटं तुम्ही भरा."

सगळे हसले.

संध्याकाळी चुलीशी तिने रताळं सोललं, चावलं आणि सवयीने तळहातावर काढलं. कुडापलीकडे, डुकरीच्या जागेत, काहीच हललं नाही. बराच वेळ हात तसाच धरून शेवटी तो गार घास तिने स्वतःच गिळला.